मोडीच्या भावानें

मार्गशीर्ष लागला म्हणजे गिरणेच्या खोऱ्यांत थंडी पाहुण्यासारखी येत नाहीं. ती घरच्यासारखी येते आणि माघ सरेपर्यंत मुक्काम हलवीत नाहीं. उत्तरेस साल्हेर-मुल्हेरचे डोंगर, नैर्ऋत्येस सप्तशृंगीचा गड आणि मध्यें आमचें कळवण. रात्रीं आभाळ निरभ्र असलें कीं दिवसा तापलेली जमीन आपली सारी ऊब वर आकाशास देऊन टाकते. त्यांत उत्तरेकडील कोरड्या वाऱ्याची भर पडते. आणि पहाटे परसांतल्या घंगाळांत हात घालणें हें एक व्रतच होऊन बसतें. येथून दक्षिणेस असलेल्या निफाडास तर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. असे दिवस आले म्हणजे द्राक्षांचे बागाइतदार बागेंत शेकोट्या पेटवून रात्रभर जागत बसतात. जेथें वेलींस शेकोटी लागते तेथें माणसांची कथा काय सांगावी?

थंड मुलखांत यावर उपाय म्हणून सबंध घर तापवितात. आपल्याकडे जाड मातीच्या भिंती, उघडा चौक आणि सताड उघडी पडवी. घर तापविण्याचा विचार कोणाच्या मनांत आला नाहीं. आपण घर तापविलें नाहीं, माणूस तापविला. पहाटे ऊन पाण्यानें स्नान, तिन्हीसांजेस शेगडीची धग आणि रात्रीं गोधडी, ही आपली तिहेरी तरतूद. गोधडीवर एखादा स्वतंत्र लेख होईल. उरलेल्या दोहोंचा, म्हणजे तांब्याच्या बंबाचा आणि बिडाच्या शेगडीचा, विचार येथें करावयाचा आहे. पूर्वींच्या वजनाचीं हीं साधनें आतां नवीं क्वचितच मिळतात. जुनीं मात्र घरोघर माळ्यावर पडलीं आहेत आणि एकेक करून मोडीच्या भावानें चाललीं आहेत. तीं विकावीं कीं ठेवावीं, विकत घ्यावयाचीं तर कशीं पारखावीं, आणि पुन्हां कामास लावलीं तर कोणती खबरदारी घ्यावी, हे प्रश्न आम्हांस स्वतःच्याच घरीं सोडवावे लागले. ते सोडवितांना आम्हीं एकदां पैसे घालविले, आणि एकदां पैशांहून कितीतरी मोलाचें घालविण्याच्या बेतांत होतों. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षीं दिवाळी आटोपल्यावर आमच्या घरचा माळा उतरविला. बारा माणसांचें घर आणि तीन पिढ्यांची अडगळ! तींतून आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब निघाला. अंग काळवंडलेलें, तोटी गळकी, पण उचलतांना दोघांचा दम काढील असा भरभक्कम. मोडवाला दारावर आलाच होता. धाकट्या चिरंजीवांनीं काटा मागविला, भाव विचारला आणि घरांत विजेचा गीझर असतांना हें धूड ठेवावयाचें कशाला, असा रास्त प्रश्न केला. भाव ऐकून आम्हीहि मनांतल्या मनांत रुकार दिला होता. इतक्यांत आमच्या काकू काठी टेकीत ओटीवर आल्या. वय चौऱ्याऐंशीचें. त्यांनीं मोडवाल्यास विचारलें, "बाबा, याच्या वजनाचे पैसे देतोस, यानें आजवर तापविलेल्या पाण्याचे किती देशील?" तो हंसून म्हणाला, "आजी, तें काट्यावर चढत नाहीं."

बंब त्या दिवशीं गेला नाहीं. काकूंचा शब्द मोडवत नाहीं म्हणून तो राहिला. त्यांचें म्हणणें पटलें म्हणून नव्हे. पटावयास आणखी पंधरा दिवस लागले, आणि तेंहि परदेशाहून आलेल्या एका पत्रानें.

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतो. त्यानें तेथें शंभराहून अधिक वर्षांचें विटांचें घर घेतलें. त्या घराचे मूळचे बिडाचे रेडिएटर आधींच्या मालकानें काढून टाकून त्यांच्या जागीं पातळ पत्र्याचे बसविले होते. भाच्यानें उलट केलें. पत्र्याचे काढले आणि कोठल्यातरी पाडलेल्या इमारतींतले जुने बिडाचे रेडिएटर विकत आणून बसविले. तेथें पडक्या घरांतलें आणि शाळांतलें चांगलें सामान राखून ठेवून विकणारे व्यापारीच आहेत. त्यांच्या आवारांत दारें, फरशा, शेगड्यांच्या चौकटी आणि रेडिएटर यांच्या रांगा लागलेल्या असतात, आणि लोक मोडीहून पुष्कळ अधिक किंमत देऊन त्या वस्तू घेऊन जातात.

रेडिएटर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें मोटार उभी राहते. मोटारींतला रेडिएटर नकोशी झालेली उष्णता बाहेर टाकतो. घरांतला रेडिएटर हवीशी उष्णता खोलींत सोडतो. दोहोंचें तत्त्व एकच. घरांत एके ठिकाणीं बंद भट्टीवर पाणी तापतें. तें नळांतून खोल्याखोल्यांत जातें. भिंतीशीं उभ्या केलेल्या पोकळ बिडाच्या फासळ्यांतून फिरतें, निवतें आणि परत भट्टीकडे येतें. फासळ्यांभोंवतालची हवा तापून वर चढते, तिच्या जागीं खालून गार हवा येते, आणि असें करतां करतां सारी खोली उबदार होते. रशियांतील सेंट पीटर्सबर्ग शहरीं फ्रान्झ सान गाल्ली या कारखानदारानें १८५५ च्या सुमारास असा रेडिएटर प्रथम बनविला असें मानतात. पुढें युरोपांत आणि अमेरिकेंत त्याचा घरोघर प्रसार झाला.

येथें पाणीच वाहन कां, असें कोणी विचारील. उष्णता सांठविण्याच्या कामीं पाण्यासारखा पदार्थ विरळा. एक किलो पाणी एका अंशानें तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेंत एक किलो लोखंड नऊ अंशांनीं तापतें. मग बिडाचा उपयोग काय? तो त्याच्या वजनाचा. पत्रा चटकन्‌ तापतो आणि चटकन्‌ निवतो. जाड बीड सावकाश तापतें आणि भट्टी विझल्यावरहि बराच वेळ ऊब धरून राहतें. "मामा," भाच्यानें लिहिलें होतें, "आपल्या बिडाच्या तव्यासारखेंच आहे हें. शेवटची भाकरी उतरल्यावरहि आजी त्यावर शेंगदाणे भाजीत असे, तें मला आठवलें."

घेतांना त्यानें काय काय पाहिलें, हें त्यानें बारकाईनें कळविलें होतें. एकेका फासळीवर टिचकी मारून आवाज ऐकला. आंत दाबानें पाणी भरून सांधे पाझरतात कीं काय हें पाहिलें. आंत वर्षानुवर्षें सांठलेला काळा गाळ पाण्याच्या जोरानें धुवून काढला. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, म्हणून तो रंग कोरडा घांसून घरांत धूळ उडविली नाहीं. जाणत्या माणसाकडून घराबाहेरच काढवून घेतला. नळाचे आटे जुन्या मापाचे असल्यामुळें जोडकामास वेगळे तुकडे करवून घेतले. आणि सर्वांत आधीं, घराची लांकडी जमीन तें वजन पेलील कीं नाहीं, याची खात्री करून घेतली.

हें पत्र आम्हीं ओटीवर मोठ्यानें वाचून दाखविलें. कोपऱ्यांत बंब उभाच होता. खालीं विस्तव, भोंवतीं पाणी, मध्यें धुराचें नळकांडें: भाच्याच्या घरची सारी व्यवस्था आमच्या परसांत एका तांब्याच्या पिंपांत उभी राहिली होती, फरक इतकाच, कीं त्याच्याकडे पाणी भिंतीशीं फिरे आणि आमच्याकडे तें अंगावर येई. मग मात्र काकूंचें म्हणणें पटलें, आणि नव्यानें पटलेल्या माणसाचा जो उत्साह असतो त्या उत्साहानें आम्ही कामास लागलों. बंब दुरुस्त करावयाचें ठरलें. शिवाय काकूंच्या खोलीसाठीं एक जुनी बिडाची शेगडीहि घ्यावयाची ठरली. त्या शेगडीनेंच आमची पहिली फजिती केली.

ती सांगण्यापूर्वीं बिडाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. बीड म्हणजे लोखंडच. परंतु त्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा दोन ते चार इतकें असतें. शुद्ध लोखंड वितळावयास १५३८ अंश उष्णता लागते. बीड १२०० अंशांच्या आसपासच पातळ होतें. म्हणून तें वाळूच्या सांच्यांत सहज ओततां येतें आणि शेगडीच्या पायांवरचीं वेलपानेंहि त्यांत उमटतात. पण हाच कर्ब बारीक पापुद्र्यांच्या रूपानें धातूंत विखुरलेला असल्यामुळें बीड ठिसूळ होतें. तें वांकत नाहीं, एकदम मोडतें.

महाराष्ट्रांत ओतीव लोखंडास शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेलें तें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं. त्यांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ सालचा. किर्लोस्करवाडी वसली ती १९१० सालीं. पहिल्या महायुद्धांत लोखंडाची टंचाई पडली तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा नांगरांसाठीं त्यांस दिल्या. मोडींत निघालेलें लोखंड संपलेलें नसतें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं. तोफेचा नांगर करावयाचा तर ती वितळवावी लागते. शेगडीची शेगडीच ठेवावयाची तर नुसती पारख पुरते. आमच्याजवळ नेमकी तीच नव्हती.

मालेगांवच्या रस्त्यावर एका मोडीच्या दुकानांत आम्हांस एक शेगडी आवडली. काळा रंग चकचकीत, दार घट्ट, नक्षी सुरेख. भाव न करतांच घेतली. दुसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेस निखारे फुलले आणि कडकन्‌ आवाज होऊन एक बाजू वरपासून खालपर्यंत उलली. मूळची चीर लांबी भरून बुजविली होती आणि वरून रंगाचा हात दिला होता. दोष दुकानदाराचा खरा. पण नव्या रंगाला भुललों हा दोष आमचा. तेव्हांपासून आम्ही कांहीं नियम पाळतों. ते वाचकांच्या उपयोगीं पडावेत म्हणून देतों.

पहिला नियम: नवा रंग दिलेलें जुनें बीड घेऊं नये. गंजलेलें घ्यावें. वरवरचा गंज विटेच्या तुकड्यानें आणि चिंचेच्या कोळानें निघतो. रंगाखालची चीर निघत नाहीं.

दुसरा नियम: वस्तु उचलून धरून तिच्यावर लहान गोट्यानें हलकेच ठोकावें. अखंड बीड घंटेप्रमाणें नाद देतें. चिरलेलें बद्द वाजतें. मडकें घेतांना आपल्या बायका हेंच करतात. फक्त लोखंडाच्या दुकानांत हें करावयाची आपणांस लाज वाटते.

तिसरा नियम शंका उरली तर. संशयाच्या जागीं रॉकेलाचा बोळा फिरवावा, थोड्या वेळानें फडक्यानें कोरडें पुसावें आणि वर खडूची पूड फांसावी. चीर असली तर तींत मुरलेलें तेल हळूहळू वर येऊन खडूवर ओली रेघ उमटवितें. आगगाडीच्या कारखान्यांतून चाकें आणि आंस तपासण्यासाठीं पूर्वीं तेलाची आणि खडूची हीच युक्ति वापरीत. हें सारें विस्तवापासून दूर करावें, आणि रॉकेल पूर्ण उडून गेल्याखेरीज त्या वस्तूंत जाळ घालूं नये.

चौथा नियम वापराचा. पहिले दोन-तीन दिवस थोडेच निखारे घालून बीड सावकाश तापवावें. आणि तापलेल्या बिडावर गार पाण्याचा थेंबहि पडूं देऊं नये. एक भाग एकदम आकसतो, दुसरा तसाच राहतो, आणि या ओढाताणींत बीड उलतें. उललेलें बीड सांधतां येतें. पण तें काम नेहमींच्या झाळकामासारखें नाहीं. आधीं सारी वस्तु तापवून, वेगळ्या कांडीनें जोड देऊन, पुन्हां अगदीं सावकाश निववावी लागते. एवढी कारागिरी ज्यास येते असा माणूस जवळ नसेल तर फुटकी शेगडी मोडींतच जाऊं द्यावी. जुनें तें सारेंच राखावें, असें आमचें म्हणणें नाहीं.

आतां बंबाकडे वळूं. त्यांत पाहण्याच्या जागा चार: मधलें धुराचें नळकांडें, बूड, तोटी आणि खालची बिडाची जाळी. नळकांड्यांत विजेरी धरून आंतून पाहावें. तांबें सर्वांत आधीं तेथेंच झिजतें. मग बंब काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवावा. सकाळीं कागदावर डाग दिसला तर पाझर कोठें आहे तें कळतें. आमच्या बंबाची तोटी सोडली तर बाकी सारा ठाकठीक होता. आंत मात्र विहिरीच्या जड पाण्याच्या क्षाराचा जाड थर बसला होता. तांबें उष्णता नेण्यांत बिडाहून सात-आठ पट सरस. पण आंत चुनखडीचा थर बसला कीं हा गुण वायां जातो आणि सरपण जळतें. व्हिनेगर पाण्यांत घालून बंब एक रात्र भरून ठेवला, दुसऱ्या दिवशीं खळखळून धुतला, आणि खापरीसारखे तुकडे बाहेर आले.

तोटीसाठीं आम्ही नाशिकला गेलों. भांड्यांच्या धंद्यासाठीं नाशिकचें नांव जुनें आहे. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीप्रमाणें तेथेंहि ठोक्यांचा नाद पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येत आला. एका वृद्ध तांबटानें आमचा बंब उलटासुलटा करून पाहिला, बुडाला दोन ठिकाणीं मठारलें, नवी पितळी तोटी बसवून डाख दिला, आणि मजुरी सांगितली ती मोडवाल्याच्या भावापुढें कांहींच नव्हती. निघतांना त्यानें दोन गोष्टी बजावल्या. एक, बंब रिकामा असतां खालीं जाळ घालूं नये. आंत पाणी आहे तोंवर तांबें शंभर अंशांच्या फारसें वर जात नाहीं. पाणी संपलें कीं तें क्षणांत लालबुंद होतें, आणि डाखांतलें कथील तर २३२ अंशांवरच वितळतें. दुसरी, पाणी ओतण्याचें तोंड कधींहि बुचानें बंद करूं नये. वाफेला वाट पाहिजे. वाट नसलेली वाफ स्वतःची वाट स्वतः करते.

इतकें करून हिशेब काय पडतो, हें गृहस्थांस विचारावेंसें वाटेल. एका माणसास वीस लिटर पाणी धरूं, आणि तें पंधरा अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यावयाचें धरूं. त्यास ६०० किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटांतून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे दर माणशीं पाऊण युनिटाच्या आंतच काम होतें, आणि बारा माणसांच्या घरास रोजचीं सुमारें साडेआठ युनिटें लागतात. वाळलेल्या लांकडाच्या एका किलोंत सुमारें साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. त्यांपैकीं तिसरा हिस्सा पाण्यांत उतरला असें धरलें तर सहा किलोंच्या आसपास सरपण पुरतें. ज्यांच्या शेतांत मक्याचीं बुरकुंडें, तुरीच्या तुराट्या आणि बाभळीच्या फांद्या आपोआप निघतात त्यांस हा हिशेब सोयीचा आहे. ज्यांस लांकूड विकत घ्यावें लागतें त्यांस तो मुळींच नाहीं. त्यांनीं छपरावर सूर्यतापक बसवावा हें उत्तम. आणि रंग दिलेल्या जुन्या फळ्या मात्र कोणींहि बंबांत घालूं नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.

येथपर्यंत सारें ठीक झालें. आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख खरोखर लिहिला ती सांगतों.

बंब परसांत लागला. दुसरी शेगडी नियमानें पारखून आणली. ती घंटेसारखी वाजली, खडूवर रेघ उमटली नाहीं, आणि महिनाभर उत्तम चालली. पौषांतल्या एका रात्रीं थंडी विशेष होती. काकूंची खोली लहान. तींत दोन नातवंडें परीक्षेच्या अभ्यासास बसलीं होतीं. कोणीतरी शेगडी आंत नेली. कोळसा चांगला पेटला होता, धुराचा मागमूस नव्हता, म्हणून खिडक्या लावल्या आणि वारा येऊं नये म्हणून दाराच्या फटींत सतरंजीची घडी कोंबली. तासाभरानें थोरल्या वहिनी दूध घेऊन गेल्या. धाकटा म्हणाला, "डोकें दुखतंय." थोरली मुलगी वहीवर मान टाकून झोंपली होती. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन वेळां हांक मारली तरी त्यांनीं ओ दिली नाहीं. वहिनींनीं दुधाचा पेला तेथेंच टाकला, दारें-खिडक्या उघडल्या आणि आरडाओरड केली. आम्हीं तिघांसहि उचलून उघड्या पडवींत आणलें. डॉक्टर आले. पहाटेपर्यंत मुलें सांवरलीं. काकूंस दवाखान्यांत दोन दिवस ठेवावें लागलें.

डॉक्टरांनीं जें सांगितलें तें प्रत्येक घरांत ठाऊक असलें पाहिजे. कोळसा पुरेशा हवेवांचून जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायूला जितकें धरून ठेवतें त्याच्या दोनशें पटींहून अधिक घट्ट तें या वायूला धरतें. मग प्राणवायूला रक्तांत जागाच उरत नाहीं. क्लॉड बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें हें मर्म १८५७ मध्यें दाखवून दिलें. डोकें दुखणें, मळमळणें, ग्लानि येणें हीं त्याचीं लक्षणें. आणि माणसास ग्लानि आली कीं उठून दार उघडण्याची बुद्धीच त्यास होत नाहीं. धूर असता तर डोळे चुरचुरले असते, कोणीतरी खिडकी उघडली असती. चांगल्या पेटलेल्या कोळशास धूर नसतो, म्हणूनच तो अधिक घातकी. न्हाणीघरांत हवेची वाट न ठेवतां लावलेला गॅसचा गीझर हेंच करतो, आणि दर हिंवाळ्यांत अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात. तेव्हां हा दोष जुन्याचा किंवा नव्याचा नाहीं. बंद खोलीचा आहे.

आमच्या मनास लागलें तें हें: फुटकी शेगडी आमचे पैसे घेऊन गेली; अखंड, पारखलेली शेगडी आमचीं माणसें घेऊन जाणार होती. वस्तु पारखण्याच्या नादांत आम्ही ती ठेवण्याची जागा पारखावयाचें विसरलों. आमच्या आजीच्या काळीं हीच शेगडी याच वाड्यांत सारा हिंवाळा पेटे. पण ती उघड्या पडवींत पेटे, आणि खोल्यांसहि कौलांच्या फटींतून वारा होता. आम्हीं मधल्या काळांत खोल्यांस छत केलें, खिडक्यांस कांचा लावल्या आणि फटी बुजविल्या. शेगडी तीच राहिली, घर बदललें. भाच्याच्या घरीं हा धोका टाळलेला आहे तो याच विचारानें: तेथें जाळ एकीकडे, त्याचा धूर धुराड्यानें बाहेर, आणि खोलींत येतें तें केवळ ऊन पाणी. आपल्या बंबाचीहि हीच खुबी. तो परसांत उभा राहावा आणि घरांत यावी ती त्याची फक्त पाण्याची बादली.

आतां आमच्या घरीं शेगडीला उंबरठा ओलांडण्याची मनाई आहे. ज्यांस शेकावयाचें असेल त्यांनीं पडवींत यावें. झोंपण्याच्या खोलींत निखारा न्यावयाचा नाहीं, मग तो बाळंतिणीच्या शेकासाठीं कां असेना. शेक द्यावयाचा तर रबरी पिशवींत ऊन पाणी भरून द्यावयाचा. बंबाच्या कामास रोज एक मोठें माणूस नेमलेलें आहे. पाणी भरल्याची खात्री त्यानें करावी आणि मगच काडी ओढावी. लहान मुलांनीं तोटीस हात लावूं नये. हे नियम मुलांकडून लिहून घेऊन न्हाणीघराच्या दाराशीं लावले आहेत.

जुन्या वस्तूंविषयीं आपल्या घरांतून दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, सारी अडगळ काट्यावर घाला. कोणी म्हणतात, वाडवडिलांचें कांहींच हलवूं नका. आम्हांस दोन्ही मतें आळसाचीं वाटतात, कारण दोहोंतहि वस्तूकडे नीट पाहावें लागत नाहीं. वाजवून पाहावें, भरून पाहावें, जाणत्या कारागिराच्या हातीं देऊन पाहावें. टिकेल तें ठेवावें, फुटेल तें द्यावें, आणि जें ठेवलें त्याच्याबरोबर आलेली संवय आजच्या घरांत चालेल कीं नाहीं याचाहि एकवार विचार करावा.

यंदाच्या धुंधुरमासांत आमचा बंब पहाटे चारला पेटला. सूर्योदयापूर्वीं सर्वांचीं स्नानें होऊन नैवेद्य झाला, आणि बाजरीची भाकरी, लोणी व मुगाची खिचडी यांवर बारा पानें बसलीं. पहिली बादली काकूंची असा रिवाज आहे. मोडवाला अजूनहि येतो. आतां तो बिडाची एखादी चांगली वस्तु हातीं लागली म्हणजे ती फोडण्यापूर्वीं आमच्या ओटीवर आणतो, खालीं ठेवतो आणि न सांगतां गोटा पुढें करतो. काकू स्वतः वाजवून पाहतात.